दोन्ही विषय मागणारी यमुना

यमुना गेल्याचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगदाणे भाजत होते. तिच्या दवाखान्यातली नर्स रडत बोलत होती. मी गॅस बंद केला, ‘बरं’ म्हणाले, आणि मनात पहिला विचार आला तो असा, की इथेही हीच पुढे गेली... लिहायला लाज वाटते. पण एवढ्या वर्षांच्या मैत्रिणीबद्दल खोटं लिहायची लाज त्याहून मोठी आहे. मी तिच्यावर आयुष्यभर जळले.

सत्तरच्या दशकात सोलापुरात आम्ही दोघी एका वर्गात होतो. तिचे वडील चादरीच्या मागांसाठी जकार्डचे पत्ते तयार करायचे. पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोक असेल तिथं धागा उचलला जातो आणि चादरीवर मोर उमटतो. कॉम्प्युटरलाही असेच भोकांचे पत्ते भरवतात, असं यमुनाने कुठल्याशा मासिकात वाचलं. झालं! डॉक्टर व्हायचं आणि रोग्यांची लक्षणं पत्त्यांवर मांडायची, हे बाईसाहेबांनी ठरवून टाकलं. कॉम्प्युटर आमच्यापैकी कुणी पाहिलाही नव्हता. डॉक्टरकीला जीवशास्त्र आणि कॉम्प्युटरला गणित, म्हणून तिला कॉलेजात दोन्ही विषय हवे होते. डॉक्टर तर मलाही व्हायचं होतं. पण माझ्या वडिलांनी परस्पर गणितावर खूण करून माझा फॉर्म देऊन टाकला होता. मला हवा तो एकही विषय मिळेना आणि ही बया दोन्ही मागत होती.

फॉर्मची मुदत संपायच्या आदल्या दिवशी तिचे वडील आमच्या दारात आले. तिची आई नव्हती. घरात मागासाठी सुताच्या कांड्या भरण्यापासून स्वयंपाकापर्यंत सगळं यमुनाच करायची. घरी ते तेलुगू बोलत, यमुना त्यांना ‘नान्ना’ म्हणायची; आमच्याशी मात्र ते मराठीत बोलत.

“पोरगी दोन्ही घेतो म्हनते. झेपंल का? तू सांग की, तू तिच्या वर्गातली हायस.”

तिला झेपेल हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हणाले, “नाही झेपणार, काका. दोन्हीत नापास होईल.”

ते मान हलवून गेले. यमुनाला फक्त जीवशास्त्र मिळालं. पण ती गप्प बसणारी थोडीच! रोज संध्याकाळी माझी गणिताची वही न्यायला यायची. मी मुद्दाम मधल्या पायऱ्या गाळून लिहायला लागले, म्हणजे हिला काही कळू नये. वही परत यायची ती पेन्सिलीने गाळलेल्या पायऱ्या भरून. वर म्हणायची, “किती घाईत लिहितेस गं.” बारावीला माझे गणिताचे मार्क चांगले आले ते त्या पेन्सिलीमुळे. मी शाळेत गणित शिकवायला लागले. ती डॉक्टर झाली, नवी पेठेमागे दवाखाना काढला आणि कॉम्प्युटर गावात येताच रोग्यांच्या नोंदींचा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. बाहेरगावचे डॉक्टर तो बघायला यायचे. मी कधीच गेले नाही.

मागच्या दिवाळीत तिच्या घरी मी एकदाचं सगळं सांगितलं. ती हसली.

“ठाऊक आहे गं. नान्नांनी आधीच ठरवलं होतं. मी दोन्ही विषय घेतले असते तर कांड्या कुणी भरल्या असत्या? मला नाही म्हणायला त्यांची जीभ रेटेना, म्हणून तुझ्याकडून वदवून घेतलं.”

म्हणजे माझ्या दुष्टपणानेही हिचं काही बिघडलं नव्हतं! मला हलकं वाटायला हवं होतं. मी चिडून, चहा न घेता उठले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

तेराव्यानंतर नर्सने आवराआवरीला बोलावलं, तेव्हा मी पहिल्यांदा तिच्या दवाखान्यात गेले. नर्स मला आत बसवून कपाटांच्या किल्ल्या आणायला गेली. खोलीत कुणी नव्हतं. मी हळूच उठले आणि टेबलापलीकडे जाऊन तिच्या खुर्चीत बसले. खुर्ची माझ्या मापाची नव्हती, पाय धड टेकत नव्हते. तरी बसले. तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारी आत आली, बार्शीकडच्या खेड्यातली असावी. तिला काही माहीत नव्हतं. समोरच्या स्टुलावर बसून तिने हात माझ्यापुढे धरला आणि विचारलं, “तुमीच व्हय डॉक्टरीणबाई?”

मला लगेच नाही म्हणवेना... मी तिचा हात हातात घेतला.