गणपतीपुढचा निकाल

लोक आमच्या ह्यांना देवमाणूस म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं? देवमाणसाबरोबर संसार त्यांना करायचा नव्हता, मला करायचा होता.

हे, म्हणजे श्यामराव पाटणकर, जन्माने कलकत्त्याचेच, बांधकामाचे कंत्राटदार. भवानीपुरात आम्ही भाड्याने राहायचो आणि हे दुसऱ्यांची घरं बांधायचे. भाजीवाल्याने जास्त मागितलं तरी मुकाट देऊन यायचे, वर मलाच सांगायचे, जाऊ दे, त्यालाही पोट आहे.

चौऱ्याहत्तर साली ह्यांनी बालीगंजला डॉक्टर चारुदत्त आपट्यांचं तिमजली घर बांधलं. आपटे आमच्याच मराठी मंडळातले, नाकाने कांदे सोलणारे. त्या वर्षी सिमेंट परमिटवर, तेही वेळेवर नाही, आणि लोखंडाचे भाव रोज चढते. वाढीव खर्च मी देईन, काम थांबवू नका, असं डॉक्टर तोंडाने म्हणाले. राहायला गेले आणि शेवटच्या बिलाला हात वर केले. गच्चीला ओल येते म्हणे. मी स्वतः जाऊन पाहिली ती गच्ची, ठणठणीत कोरडी होती. ते पैसे आले नाहीत तर धंदा बंद करून साठीला टेकलेल्या ह्यांना कुणाच्या तरी हाताखाली नोकरी धरावी लागणार होती.

करारात एक कलम होतं: वाद झाल्यास मंडळाचे अध्यक्ष लवाद. परमुलखातल्या आम्हा मराठी माणसांची ही खोडच. आपली भांडणं परक्यांसमोर नकोत. अध्यक्ष होते मनोहरपंत खरे, केंद्र सरकारातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांनी दोघांचं ऐकलं, घर तपासलं आणि गणेशोत्सवात आरतीनंतर सगळ्यांदेखत निकाल सांगितला. श्यामरावांचं बिल बरोबर आहे, डॉक्टरांनी ते पूर्ण द्यावं. डॉक्टरांनी मूर्तीला हात जोडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गणपतीपुढे दिलेल्या शब्दावर सही मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, म्हणून कागद कुणी केलाच नाही. मीही त्या दिवशी पेढे वाटले.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. पैशांचं नाव नाही. शेवटी मीच ह्यांना हायकोर्टाजवळ मित्रबाबू वकिलांकडे ओढत नेलं. त्यांनी सगळं ऐकून हात पुढे केला, "कागोज कोथाय?"

कागद होताच कुठे? मला कळावं म्हणून त्यांनी हिंदीत समजावलं. लवादाच्या कायद्याप्रमाणे निकाल लेखी हवा, त्यावर लवादाची सही हवी. मग तो कोर्टात दाखल होतो आणि हुकूमनामा मिळतो. निकालाची मुदत उलटली होती, पण ती कोर्टाकडून वाढवून मागता येईल. आधी सही आणा, म्हणाले.

हे मनोहरपंतांकडे गेले. पंतांनी चहा दिला, सही दिली नाही. "श्यामराव, या वयात मला कोर्टकचेरीत कशाला ओढता? डॉक्टर आपलेच आहेत, देतील." हे मान डोलावून परत आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढच्या गणपतीत आरतीचा मान कुणाला, तर डॉक्टर आपट्यांना. मंडळाला पंखे दिले होते ना त्यांनी, आमच्या पैशांतून. आरती संपली तशी मी वकिलांनी टाइप करून दिलेला निकाल घेऊन उठले आणि मनोहरपंतांपुढे ठेवला.

"मागच्या वर्षी इथे बोललात तेच आहे ह्यात. वाचा आणि सही करा."

डॉक्टर तबक धरून तसेच उभे होते. म्हाताऱ्याने चष्मा लावला, कागद वाचला, आणि कुणाकडेही न बघता खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

"विमल, चार माणसांत लाज काढतेस माझी? घरी चल." हे ओरडले. पुढे येऊन त्यांनी तो कागद पंतांच्या हाताखालून ओढला आणि चुरगाळून खिशात कोंबला. पंतांनी टोपण लावलं.

महिन्याभरात हे एका बिल्डरच्या साइटवर सुपरवायझर म्हणून जाऊ लागले. आपट्यांनी आमचे पैसे बुडवले, माझ्या लेखी तो चोर. पण सही होत असताना कागद चुरगाळला तो ह्यांनी. ते मी ह्यांना कधीच माफ केलं नाही.