सात गाद्यांवरची चौदा माणसं

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त, त्यामुळे मला वाटे, खरं लिहिलं की काम होतंच. म्हणून आमच्या संघटनेने कामतघरच्या यंत्रमाग कामगारांच्या एका चाळीची पाहणी सोपवली, तेव्हा मी उत्साहातच निघाले. घरं किती, माणसं किती, काम काय, पाणी कुठून, एवढं लिहायचं होतं. चाळीत दोनच संडास होते. माणसं जास्त आहेत हे कागदावर दिसल्याशिवाय पालिका आणखी बांधणार नव्हती.

शेवटच्या खोलीत सकाळी अकराला सातजण झोपलेले होते. मी सात लिहिले. शेजारी लूमवाल्यांची खानावळ चालवणाऱ्या मावशी मुरबाडकडच्या. त्यांनी कागदात डोकावून पाहिलं.

"सात न्हाय गं बाय. हे रातपाळीचे. दिवसपाळीचे लूमवर हायेत. हे उठले का त्याच गाद्यांवर ते पडतात."

मग त्यांनी मांडणीवरच्या थाळ्या दाखवल्या. प्रत्येकीच्या काठावर खिळ्याने एकेकाचं नाव कोरलेलं. त्या खोलीच्या चौदा निघाल्या. मी सात खोडून चौदा केले. पण खोलीमागे निदान एका रहिवाशाचं नाव हवं होतं, नाहीतर ती खोली यादीतून गळणार होती.

संध्याकाळी पाळी बदलताना मावशींच्या खानावळीत सगळे भेटले. कुठे राहता विचारलं, तर प्रत्येकाने आपापल्या गावाचं नाव सांगितलं. इथे कुणीच राहत नव्हतं. मी भडकले. अर्धं आयुष्य इथे लूम चालवता आणि राहता मात्र तिकडे, असं बरंच काही बोलले. सगळे ज्यांना चाचा म्हणत त्या म्हाताऱ्या कारागिराने शांतपणे ऐकून घेतलं.

"बेटी, इधर नाम चढ़ा तो उधर कट जाएगा। राशन उधर का है। बुढ़िया अकेली है।"

हा कागद रेशनवाल्यांकडे जात नाही, असं मी सांगितलं. कागद कुठे कुठे जातो ते तुझ्या हातात आहे का, असं एका तरुणाने विचारलं. नव्हतं. मी तसं सांगून टाकलं.

मावशी पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "नावं कशाला लागतात गं? संडासात कोन नाव सांगून जातो काय?"

सगळे हसले. मीही हसले, पण रकाना रिकामाच होता. कागद घडी करून मी उठायला लागले, तेव्हा चाचांनी थांबवलं. हात पुसत ते जवळ आले.

"मेरा लिख दो। इन लड़कों का मत लिखना।"

मी पुन्हा विचारलं. गावाकडच्या त्यांच्या म्हातारीच्या रेशनचं काय होईल, तेही विचारलं. ते म्हणाले, सकाळी संडासाच्या रांगेत ताटकळून आता गुडघे चालत नाहीत.

मी त्यांचं एकट्याचं नाव लिहिलं आणि खाली 'व इतर तेरा'. त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि ड्युटीला निघून गेले.