बादली मॅडम आणि ओल्या-सुक्याचा घोळ

नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे. तिथे कुणी बदली मागून येत नाही. तिथून बदली मागून जातात. दारावर 'घनकचरा व्यवस्थापन' अशी पाटी, आत चार टेबलं, भिंतीवर शहराचा नकाशा आणि एक पंखा, जो फिरतो की नुसता मान डोलावतो ते कळत नाही.

बादली मॅडम या खोलीत रुजू झाल्या, तेव्हा मान वर न करताच साहेबांनी विचारलं होतं, "काय, तुम्हालाही बदलीच हवी असेल ना?"

"नाही साहेब, बादली हवी."

"काय हवी?"

"बादली. दारोदार जाऊन कचरा मोजायचाय. किती आणि कसला निघतो ते कळल्याशिवाय आराखडा कसा करायचा?"

खोलीत हशा पिकला. बादली मिळाली आणि नाव चिकटलं. आता पगाराच्या चिठ्ठीवर सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठेच वापरात नाही. नवरासुद्धा फोन उचलून म्हणतो, "बादली मॅडम अंघोळीला गेल्यात, बादलीसकट."

त्यांनी बदली का मागितली नाही, याचं उत्तर गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन खोल्यांच्या घरात राहायचं. तिथे त्यांची आई असते आणि मागच्या भिंतीपलीकडे कचरा डेपो. मॅडम शाळेत असताना तो खड्डा होता, कॉलेजात गेल्या तेव्हा मैदान झालं, नोकरीला लागल्या तेव्हा टेकडी.

"आमच्या स्वयंपाकघरात सूर्य उशिरा उगवतो हल्ली," आई म्हणायची. "आधी तुमचा कचरा चढतो, मग तो चढतो."

"आई, माझ्याकडे चल म्हणते तर ऐकत नाहीस."

"तुझ्याकडे येऊन काय करू? इथला वास ओळखीचा आहे. तुझ्या नवऱ्याचं घोरणं नाही." मग खोकला यायचा. खोकून झालं की आई तोंड पुसत म्हणायची, "तू तिथे मोठी हापिसर आहेस ना? मग गाड्या थांबव की थोड्या."

"थांबवते."

"कधी?"

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. मॅडमचं जळत होतं.

शहर पूर्वेकडे फुगत होतं. जिथे विटांच्या भट्ट्या होत्या, तिथे सात-सात मजली इमारती आल्या आणि प्रत्येक इमारतीबरोबर रोजचा कचरा आला. तो सगळा शहर ओलांडून आईच्या भिंतीमागे जायचा. मॅडमचा आराखडा साधा होता. घरातल्या कचऱ्यात वजनाने निम्म्याहून जास्त असतं ते सालं, देठं, उष्टं-खरकटं. त्याचं खत तिथेच, पूर्वेलाच करायचं. मग डेपोकडे जाणाऱ्या गाड्या आपोआप निम्म्या होतील. त्यासाठी पूर्वेच्या टोकाला पालिकेचा एक मोकळा प्लॉट होता. अडचण एवढीच, की त्याच प्लॉटवर वाहनतळ व्हावा असं पालिकेतल्या बऱ्याच जणांच्या मनात होतं. समिती म्हणाली, आधी एका कॉलनीत चाचणी घ्या. खतापुरता कचरा वेगळा निघतो असं दिसलं तर प्लॉट तुमचा, नाहीतर गाड्यांचा.

चाचणीसाठी प्लॉटला लागूनच असलेली कॉलनी निवडली. घरोघरी दोन डबे दिले, हिरवा आणि निळा. प्रत्येक जिन्यात मॅडमनी स्वतः मजकूर लिहिलेली पाटी लागली: 'ओला कचरा हिरव्या डब्यात, सुका कचरा निळ्या डब्यात.' सोपं, सुटसुटीत, पोरालाही कळेल असं.

चाचणी संपली. साहेबांनी मॅडमना बोलावलं. समोर निकाल.

"मॅडम, तुमचा ओला कुठे गेला?"

"म्हणजे?"

"तुम्ही म्हणाला होतात निम्म्याहून जास्त. इथे हिरव्या डब्यांत पावसुद्धा नाही. ही माणसं जेवतात की नुसते कागद खातात?"

"काहीतरी चुकलंय साहेब."

"चुकलं असेल. पण पुढच्या आठवड्यात समितीची बैठक आहे, आणि या निकालावर वाहनतळवाले पेढे वाटतील."

मॅडम त्या दिवशी आईकडे जाणार होत्या. गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीबरोबर कॉलनीत जाऊन उभ्या राहिल्या. सफाई कामगारांचे मुकादम बरोबर होते. पिळदार मिशा, गळ्यात शिट्टी, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत.

"लोक आळशी आहेत मॅडम, दुसरं काही नाही. ह्या हाताचं त्या हाताला कळत नाही, तर डब्यांचं काय कळणार?"

मॅडमनी एक हिरवा डबा उघडला. आत धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, शॅम्पूची बाटली, पोराचा लंगोट, भिजलेलं वर्तमानपत्र आणि एक पाणी ठिबकणारी मोडकी छत्री. निळ्या डब्यात कांद्याची टरफलं, शिळ्या पावाचे कडक तुकडे आणि संत्र्याची सालं. सालं नीट वाळलेली, कुरकुरीत.

"हे आळशी माणसाचं काम दिसतंय तुम्हाला?" मॅडम म्हणाल्या. "ही सालं कुणीतरी मुद्दाम वाळवलीत."

डबे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे होते. दोघं वर गेले. काकूंनी दार उघडलं आणि मुकादमांची शिट्टी बघून आधी हातच जोडले.

"दंड करायला आलात का? मी एकसुद्धा दिवस चुकवला नाही हो!"

"दंड नाही काकू. फक्त विचारायचंय. ही संत्र्याची सालं निळ्या डब्यात का?"

"मग कुठे टाकू? सुकी आहेत ना!"

"पण सालं म्हणजे... ओला कचरा."

"ओली होती तेव्हा ओला होता. वाळल्यावर कसला ओला?" काकूंनी मॅडमना हाताला धरून गॅलरीत नेलं. कठड्यावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर चहाचा चोथा, भेंडीचे देठ, केळीची सालं, सगळं उन्हात ओळीनं मांडलेलं. "हे बघा. ओला कचरा दिला की तुमची माणसं नाक धरतात. मला कसंतरी होतं. म्हणून मी सगळं वाळवूनच देते. खालच्या मजल्यावरच्याही आता तसंच करतात. मीच शिकवलं त्यांना!"

"आणि छत्री?"

"ती पावसात भिजली ना."

मुकादमांनी तोंड फिरवून मिशीतल्या मिशीत हसायला सुरुवात केली. मॅडमनी कपाळाला हात लावला नाही, कारण दोन्ही हातांत काकूंनी केळीची सालं दिली होती.

"मॅडम," जिना उतरताना मुकादम म्हणाले, "म्हणजे माणसं चुकली नाहीत. तुमचं ऐकलं त्यांनी. अगदी अक्षराला अक्षर."

"तेच तर."

ऑफिसच्या भाषेत 'ओला' म्हणजे कुजणारा. हे खात्यातल्या प्रत्येकाला इतकं ठाऊक होतं की कुणाला सांगावंसंच वाटलं नव्हतं. आणि घरात 'ओला' म्हणजे ओला. टॉवेल असो, नाहीतर छत्री.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते आधी खुर्चीवर मागे रेलून पोटभर हसले. मग दार लावून घेतलं.

"आता माझं ऐका. हे समितीत बोलायचं नाही. आपण नेहमीचा आकडा धरू, निम्मा ओला. चाचणीचा निकाल मागे टाकू. प्लॉट मिळेल."

"आणि मिळाल्यावर? काकू वाळवतच राहणार. सगळी सालं सुक्याच्या गाडीतून डेपोला जाणार आणि खताचा प्लॉट उपाशी बसणार."

"मग तेव्हा बघू!"

"साहेब, मला प्लॉट नकोय. मला डेपोच्या गाड्या कमी करायच्यात."

"आणि चूक कबूल केलीत आणि प्लॉटच गेला, तर?"

  प्लॉट गेला, तर शहरात दुसरा नव्हता. आईच्या भिंतीमागची टेकडी आणखी एक मजला चढणार होती.

बैठकीला त्या गेल्या ते एक पिशवी घेऊन. लांब टेबल, दोन्ही बाजूंना सदस्य, टोकाला अध्यक्षबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वाहनतळवाले सदस्य पहिल्या खुर्चीत, पुढे झुकून, बस येण्याची वाट बघितल्यासारखे.

"चाचणी फसली," मॅडम उभ्या राहून म्हणाल्या.

साहेबांनी डोळे मिटले.

"फसली ती माझ्यामुळे. पाटीवर मी 'ओला' लिहिलं. लोकांनी 'ओला' वाचलं. म्हणून त्यांनी सालं वाळवून सुक्यात टाकली आणि धुतलेल्या पिशव्या ओल्यात."

टेबलावर हसू फिरलं. वाहनतळवाले म्हणाले, "अहो, एवढं न कळायला लोक काय खुळे आहेत?"

मॅडमनी पिशवी उपडी केली. वाळलेली केळीची साल, ओली दुधाची पिशवी, चिंब भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं, अंड्याचं टरफल. "साहेब, तुम्हीच वेगळं करा," त्या वाहनतळवाल्यांना म्हणाल्या.

"यात काय! पिशवी ओली, म्हणजे... नाही, थांबा. पिशवी प्लास्टिकची, म्हणजे सुकी. साल... ही वाळली आहे."

"साल ओल्यातच जाते," शेजारचे सदस्य म्हणाले.

"अहो, पण सुकी आहे ती! हात लावून बघा!"

"आमच्याकडे टरफलं सुक्यात टाकतात."

"आमच्याकडे कुंडीत."

"तुमच्या कुंडीचा इथे काय संबंध?"

"खोक्याचं बोला हो, खोकं कशात?"

अध्यक्षबाईंनी पेनानं टेबल वाजवलं. आवाज थांबले. त्यांनी चष्म्यावरून मॅडमकडे पाहिलं. "तुमच्या एका शब्दामुळे पालिकेची सगळी चाचणी वाया गेली. आता तुमच्या दुसऱ्या शब्दावर आम्ही का विश्वास ठेवायचा?"

"ठेवू नका. पुन्हा चाचणी घेऊ द्या. त्याच कॉलनीत. यावेळी शब्द आधी लोकांना विचारून घेते, मग लिहिते. त्यातही निम्मा निघाला नाही, तर वाहनतळ करा. मी भांडायला येणार नाही."

"बघा हं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. चाचणीबरोबर तुमचा आराखडाही जाईल."

"हो, बाई."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "महिनाभर प्लॉटला कुणी हात लावायचा नाही. आणि ती केळीची साल उचला माझ्या कागदांवरून."

शब्द शोधायला काकूंचीच बैठकीची खोली लागली. जिन्यातल्या बाया, दोन निवृत्त आजोबा, मॅडम आणि मुकादम.

"असं लिहू," मॅडम म्हणाल्या, "'ज्याची माती होते' आणि 'ज्याची माती होत नाही'."

"अहो मॅडम!" मुकादम दचकले. "माती होणं म्हणजे वाट लागणं! डब्यावर लिहिलंत तर लोक म्हणतील, पालिकेनं शाप दिला."

"'विघटनशील'?" एक आजोबा म्हणाले.

"आजोबा, ते म्हणेपर्यंत गाडी निघून जाईल."

शेवटी काकूच म्हणाल्या, "कुजतं आणि कुजत नाही, असं लिहा की सरळ. कुजणं म्हणजे काय, ते बाईमाणसाला शिकवायला नको. फ्रिज उघडला की कळतं."

"आणि वाळवलेली सालं?"

"भिजली की कुजतातच ना? मग कुजणाऱ्यात." काकू एकदम ताठ बसल्या. "म्हणजे मी इतके दिवस उगाच राखण करत बसले? कावळ्यांशी भांडले मी त्या सालांपायी!"

नवी पाटी लागली. दुसऱ्या चाचणीत कुजणारा कचरा निम्म्याहून थोडा जास्तच निघाला. समितीनं प्लॉट दिला. वाहनतळवाल्यांनी 'विरोध नोंदवा' असं म्हणून चहा घेतला. पुढचं सगळं कामासारखं काम होतं: पत्र्याची शेड, ढिगांसाठी ओटे, पाण्याची लाइन, कामगारांना हातमोजे, पूर्वेच्या प्रत्येक जिन्यात नवी पाटी. मॅडम रोज जात होत्या.

डेपोकडच्या गाड्या निम्म्या झाल्या नाहीत. तिसऱ्या हिश्शानं कमी झाल्या, कारण उरलेल्या शहरात कचरा अजून वेगळा होतच नव्हता. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मला आधीच कळलं. दुपारी हल्ली डोळा लागतो." एवढंच. मग तिनं विचारलं, "आणि त्या गाड्या आता जातात कुठे?"

हा प्रश्न काकूंनीही विचारला, पण वेगळ्या आवाजात. शेड त्यांच्या गॅलरीच्या बरोबर खाली होती. त्यांनी मॅडमना कुंपणापाशी गाठलं.

"एक विचारू? मुकादम सांगत होते, तुझी आई डेपोपाशी राहते."

"हो."

"म्हणजे तिच्या दारातलं काढलंस आणि माझ्या दारात आणून टाकलंस? आणि त्यासाठी शब्दही मीच दिला तुला?"

मॅडम कुंपणाची तार धरून उभ्या राहिल्या.

"हो काकू. आईच्या दारात सगळ्या गावाचा येत होता. तुमच्या दारात फक्त तुमच्या भागाचाच येईल. दुसऱ्या भागाची एक गाडीसुद्धा इथे आली, तर मी स्वतः परत पाठवीन."

"आणि वास आला तर?"

"तर मला फोन करा. मुकादमांना नाही, मला."

काकूंनी नंबर घेतला. मोबाइलमध्ये नाव काय टाकायचं, असं विचारलं नाही. 'बादली' टाकलं.

फोन पाऊस सुरू झाल्यावर आला. "ये. येतोय." मॅडम गेल्या. खरंच येत होता. शेडचा एक पत्रा गळत होता आणि पाणी शिरून एक ढीग आतून आंबला होता. त्यांनी पत्रा बदलायला सांगितला, ढीग फोडून उलटायला लावला, वर कोरडा भुसा घालायला लावला. काम संपेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. काकू वर गॅलरीत नाकाला पदर लावून उभ्या होत्या. ढीग उलटून झाला तशी त्यांनी पदर थोडा खाली केला, हुंगून बघितलं आणि पुन्हा वर घेतला.

"अजून आहे," त्या वरून ओरडल्या.

"उद्या सकाळी परत येते," मॅडम खालून म्हणाल्या आणि भुशाचं आणखी एक पोतं सोडायला वाकल्या.