जेवताना काढून ठेवलेली कवळी

माझे दात एकदम गेले नाहीत. एकेक गेला आणि प्रत्येक वेळी मी म्हटलं, अजून आहेत. शेवटचा गेला तेव्हा साठी उलटली होती. त्यानंतर सहा-सात वर्षं मी बोळक्या तोंडानं काढली. हिरड्या टणक होतात. भाकरी आमटीत कुस्करली की जाते. खाण्याचं माझं काही अडलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा घोळ त्यातूनच झाला.

अडलं होतं ते बोलण्याचं. बसमध्ये तिकिटासाठी आमच्या गावाचं नाव ‘मोशी’ म्हटलं की कंडक्टरला नुसता वारा ऐकू यायचा. तो दोनदा विचारायचा, मग माझ्या सुनेकडं बघायचा. फोनवर बहीण म्हणायची, “मोठ्यानं बोल की.” मोठ्यानं बोलून काय होणार? आणि एक गंमत बघा, आपलं बोलणं लोकांना कळलं नाही की लोक आपल्यालाच बहिरं समजतात आणि ओरडून बोलायला लागतात. ते मला सोसत नव्हतं.

सुनेनं कुठून तरी ऐकून आणलं की पिंपरीला दातांच्या कॉलेजात नव्या मटेरियलच्या कवळीचा अभ्यास चालू आहे, एकही दात नसलेली माणसं त्यांना हवीत आणि कवळी फुकट मिळते.

“बदल्यात काय?” मी विचारलं.

“बदल्यात वर्षभर दर महिन्याला जायचं आणि तोंड उघडून बसायचं.”

“बोलायचं नाही?”

“नाही.”

“मग तुझंच काम झालं,” मुलगा बायकोला म्हणाला. सून हसली. मी गेले.

तिथली डॉक्टर म्हणजे पंचविशीची पोर. लातूरकडची. शिकलेली डॉक्टर होतीच, आता वरचं शिक्षण घेत होती. डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले, टेबलावर अर्धा प्यायलेला गार चहा. मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तो चहा तसाच असायचा. तिनं समजावून सांगितलं. अर्ध्या लोकांना नेहमीच्या मटेरियलची कवळी द्यायची, अर्ध्यांना मशीनवर थरावर थर देऊन छापलेली नवी. कोणाला कोणती, ते चिठ्ठीवर. मग दर महिन्याला दोन्हींचे दात किती झिजले ते मोजायचं. नवी जुनीइतकी टिकली तर पुढं ती सगळ्यांना देता येईल, आणि ती बनवायलाही कमी दिवस लागतात.

“या कामावर माझी परीक्षा आहे, आजी,” ती म्हणाली. “मधेच सोडून जाऊ नका. पेशंट कमी पडले की सगळं अडतं.”

चार पानांचा कागद होता, मराठीत. ती वाचून दाखवायला लागली तेव्हा मी तो तिच्या हातून घेतला. मी चौथी शिकले आहे, वाचता येतं. कागदावर लिहिलं होतं की कवळी रोज वापरायची, जो वापरणार नाही त्याला अभ्यासातून काढण्यात येईल, आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत कवळी कॉलेजची राहील. ते शेवटचं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आपली वस्तू नाही, कधीही परत मागतील. मी सही केली. चिठ्ठीत मला नवी आली.

मापं घेताना तोंडात गुलाबी लगदा भरतात, तेव्हा ओकारी येते. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही. चार खेपा झाल्यावर कवळी मिळाली. आरशात बघितलं. दात जरा जास्तच सरळ होते, माझे कधी एवढे सरळ नव्हते. पण येताना बसमध्ये ‘मोशी’ म्हटलं आणि कंडक्टरनं मान वर न करता तिकीट फाडलं. मला तेवढंच पाहिजे होतं.

घरी मेथीची भाजी आणि भाकरी होती. पहिल्याच घासाला भाकरीचा कण खालच्या कवळीच्या आत गेला. वाळूवर चावल्यासारखं झालं. डाव्या बाजूला काहीतरी बोचलं. मी कवळी काढली, धुतली, स्टीलच्या छोट्या डब्यात ठेवली आणि नेहमीसारखं कुस्करून जेवले. जेवण झाल्यावर परत घातली. दुसऱ्या दिवशी तेच केलं. तिसऱ्या दिवसापासून तो डबा माझ्या ताटाशेजारी पाण्याच्या तांब्यासारखा आपोआप यायला लागला.

बोचत होतं हे एक. दुसरं असं की आमच्या घरात नवी वस्तू वापरत नाहीत, जपतात. मुलानं गाडी घेतली तेव्हा सीटवरचं प्लास्टिक दीड वर्ष काढलं नव्हतं. उन्हात ते चिकटायचं, पँट ओली व्हायची, तरी काढलं नाही. टीव्हीच्या रिमोटला अजून पिशवी आहे. माहेरहून आलेला काचेच्या कपांचा संच पाहुण्यांसाठी होता, पाहुणे आले की शेजारचे कप आणायचो. असल्या घरात मी परक्याच्या मालकीच्या नव्या दातांनी भाकरी चावून ते झिजवीन का?

दर महिन्याला एक तक्ता भरायचा असायचा. त्यात रोजची एक ओळ: आज कवळी किती तास घातली? मी खरं लिहायची. दहा तास. अकरा तास. जेवताना घातली का, असं त्यात कुठं नव्हतं, म्हणून मीही लिहिलं नाही. ती पोर विचारायची, “आजी, कुठं दुखतं का?” मी म्हणायची, “न्हाई.” दुखतं म्हटलं तर म्हणतील, हिला जमत नाही, घ्या काढून. ती तोंडात बॅटरी मारून बघायची. फोड नाही, लाली नाही. कसली असणार? चावलंच नव्हतं.

सहावा महिना भरला तेव्हा तिचे मोठे सर आले. मी खुर्चीत आडवी, ओठ ताणून धरायला तोंडात प्लास्टिकची चौकट. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही, कॉम्प्युटरकडं बघितलं. पहिल्या दिवशीच्या आणि आताच्या दातांची चित्रं एकावर एक ठेवली होती.

“ही नऊ नंबरची पेशंट, सर,” पोर म्हणाली. “झीज जवळजवळ नाहीच.”

“सहा महिन्यांत?”

“हो सर. आणि नव्या मटेरियलच्या आणखी दोघांचं असंच आलंय.”

सर खाली वाकले, परत बघितलं. “मग हे मोठं आहे. परिषदेत हीच केस पहिली दाखव. पेशंट कवळी नियमित वापरते ना?”

“रोज दहा-अकरा तास, सर. तक्ता एकदाही चुकवलेला नाही.”

पोरीचा आवाज बदलला होता. इतक्या महिन्यांत मी तिला पहिल्यांदा ताठ उभी बघितली. मला काहीतरी बोलायचं होतं की नाही, ते आता खरंच आठवत नाही. तोंडात चौकट होती. ती निघेपर्यंत सर गेले होते. पोरीनं माझा हात दाबला आणि म्हणाली, “आजी, तुमच्यामुळं माझी परीक्षा सोपी झाली बघा.” मी डबा पिशवीत टाकला आणि बसस्टॉपवर जाऊन उभी राहिले.

माझा मुलगा चाकणला कंपनीत क्वालिटीत आहे. दिवसभर पार्ट मोजतो, चालवून बघतो, पास-नापास करतो. त्याची पहिली शिफ्ट होती, म्हणून संध्याकाळी सगळे एकत्र जेवायला बसलो. मी कवळी काढून डब्यात ठेवली आणि सरांचं सगळं सांगितलं. ऐकताना त्याचा घास हातातच राहिला. त्यानं आधी डब्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“आये, जेवताना तू ती रोज काढतीस?”

“रोज.”

“त्यांना ठावं हाय?”

“त्यांनी इचारलं न्हाई.”

तो हसायला लागला. ठसका लागेपर्यंत हसला. “टेस्टचा पार्ट डब्यात ठिवून टेस्ट पास करती व्हय! आमच्याकडं एकानं असंच केलं होतं. मशीन बंद, गडी झोपलेला, अन् शीटवर सगळं ओके. पार्ट गाड्यांना लागले अन् सगळे तुटून परत आले.”

“इथं गाडी न्हाई,” सून म्हणाली. “तुम्ही उगीच आत्यांना घाबरवू नका. कवळी परत घेतील ते. सहाच महिने राहिलेत, गप्प बसायचं.”

“घेऊ दे की. उद्या हजार म्हाताऱ्यांच्या तोंडात ते दात बसवतील अन् भाकरीला तुटतील, मग?”

“तुटले तर तुटले. आपल्या तोंडातले तर न्हाई ना?”

दोघं माझ्याच दातांवरून भांडत होते आणि दात डब्यात होते. मी जेवून उठले. हजार म्हाताऱ्यांचं मला काही वाटलं नाही, ज्यांना मी ओळखत नाही त्यांचं काय वाटणार? पण त्या पोरीचं ताठ उभं राहणं डोळ्यांपुढून जाईना. परिषदेत पाचपन्नास डॉक्टरांपुढं ती माझे दात दाखवणार, आणि त्यातला एक जरी माझ्या मुलासारखा निघाला तर विचारणार, बाईनं चावलं कशानं?

दोन दिवसांनी माझी तारीख नसताना गेले. पिशवीत भाकरी आणि पिठलं घेतलं, कारण तिथं बसवून किती ठेवतील त्याचा नेम नसतो. दोन तास बाकावर बसले. पोर आली तेव्हा तिच्या हातात कागदांचा गठ्ठा होता.

“आजी? आज कसं काय? तुटली का?”

“तुटली न्हाई. तुटणार बी न्हाई. जेवताना मी ती काढून ठेवते.”

“म्हणजे कधी कधी?”

“पहिल्या दिवसापासून. एक घास खाल्लाय तिनं.”

ती खुर्चीवर बसली. गठ्ठा मांडीवर. मग एकदम तिच्या गावाकडचं बोलणं बाहेर आलं. “काय करून बसलाव हो आजी! सहा महिने? दर खेपेला विचारलं मी, दुखतं का म्हणून!”

“दुखतं म्हटलं तर काढून घेशील असं वाटलं.”

“कशाला घेईन? मी घासून देते ना ते! त्यासाठीच विचारते!”

हे मला माहीत नव्हतं. दुखतं म्हटल्यावर घासून देतात, हे त्या चार पानांत असेलही, पण मी ते तसं वाचलं नव्हतं. मी माफी मागितली नाही. मागून तिचे सहा महिने परत येणार नव्हते. मी डबा उघडला आणि म्हटलं, “भाकरी आणलीय. बघ कुठं टोचतं ते.”

तिनं मला खुर्चीत बसवलं आणि तिच्यापुढं भाकरी खायला लावली. डावीकडं बोचलं. मी बोट लावून दाखवलं. तिनं हिरडीवर निळ्या पेन्सिलीनं खूण केली, कवळी बसवून काढली, तिच्या आतल्या बाजूला निळा ठिपका उमटला होता. तेवढी जागा घासली. परत भाकरी, परत पेन्सिल, परत घासणं. चार वेळा. भाकरी संपत आली. पाचव्या वेळी बोचलं नाही. एवढ्याशा कामासाठी सहा महिने मी डबा सांभाळला होता.

“आता रोज यानं जेवा,” ती म्हणाली. “आधीचं सगळं रद्द. तुमचा आज पहिला दिवस.” मग गठ्ठा टेबलावर आपटून म्हणाली, “आणि त्या दुसऱ्या दोघांचं काय असंल?”

“त्यांना इचार.”

“विचारलं की सगळे हो म्हणतात. तुम्ही पण म्हणालाव.”

तिनं सरांना सांगितलं. सर तिच्यावर ओरडले, हे तिनं मला सांगितलं नाही, पण पुढच्या वेळी चेहऱ्यावरून कळलं. सरांनी तक्त्यात जेवणाची ओळ घालायला सांगितली आणि सगळे पेशंट पुन्हा तपासून घ्यायला सांगितले. तिची परीक्षा सहा महिने पुढं गेली. बरोबरीच्या पोरी पास होऊन जाणार आणि ही इथंच. तिनं मला विचारलं, “आजी, ज्या दिवशी सगळ्यांना बोलावीन त्या दिवशी येऊन बसाल का? मला कोणी खरं सांगत नाही.” नाही म्हणायला मला तोंड नव्हतं.

गेले. तिच्याशेजारी स्टुलावर बसले. पहिले आले ते देहूरोडचे एक गृहस्थ, नोकरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, माझ्याच वयाचे. ज्यांची कवळी झिजली नव्हती त्या दोघांपैकी एक. पोरीनं विचारलं, “काका, जेवताना कवळी घालता ना?”

“म्हणजे काय! रोज घालतो.”

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पिशवीतून तो स्टीलचा डबा काढून त्यांच्यापुढं धरला.

“मी ह्यात काढून ठेवायची,” मी म्हटलं. “सहा महिने. तुमी कुठं ठेवता?”

त्यांनी डब्याकडं बघितलं. पोरीकडं बघितलं. मग दाराकडं, कोणी ऐकतंय का ते.

“शर्टाच्या खिशात,” ते म्हणाले. “रुमालात गुंडाळून.”

पोरीनं लिहून घेतलं. “कुठं टोचतं?” एवढं विचारलं आणि निळी पेन्सिल हातात घेतली.

बाहेर बाकावर अजून बरेच जण होते. स्टुलाला पाठ नव्हती आणि माझी कंबर भरून आली होती. पोरीचा चहा टेबलावर गार होत होता. मी तो तिच्यापुढं सरकवला आणि दारात नावं पुकारणाऱ्या बाईला म्हटलं, पुढच्याला पाठव.