जनावर घरात चालणार नाही

आर्या आणि नील,

भद्रावतीचं घर सोडलं त्या दिवशी बोंड्या टेम्पोमागे धावला नाही. किती शहाण्यासारखा वागला, असं मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. खरं म्हणजे मी त्याला ‘स्टे’ म्हटलं होतं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, पण माझं इतकं मनापासून कोणी ऐकलं नसेल. टेम्पो वळणाला लागेपर्यंत तो फाटकाशी बसून होता आणि मी आरशात बघत होते. आता मी ‘कम’ म्हणेन, एवढ्याचीच तो वाट बघत होता.

त्याला नागपूरला का नेलं नाही, हे तुम्ही त्या वेळी विचारलं होतं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर दवाखान्याजवळ राहायला हवं, म्हणून तुमच्या बाबांनी हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट शोधला. इथल्या एजंटचा फोन आला तेव्हा त्याचा पहिलाच प्रश्न होता, “पेट्स आहेत का मॅडम? मालकांना चालत नाही.” बोंड्या तेव्हा माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडला होता. मी म्हटलं, “नाही.” एका शब्दात. माझा आवाजसुद्धा बदलला नाही.

मग मी स्वतः घरमालकीण झाले. भद्रावतीत घरं दाखवायचं काम गजूभाऊ करतात, त्यांना मी सांगितलं की चांगली माणसं आणा, आणि माझा कुत्रा सांभाळणारी आणा. पहिल्यांदा त्यांनी रज्जाकभाईंना आणलं. ते शिलाईकाम करतात. बायको, आई आणि एक मुलगी, असं घर. गजूभाऊ फाटकातूनच म्हणाले, “बाई, चार माणसं हायेत अन् एक बकरी. तिचं आधार कार्ड मागू काय?”

बकरी खरोखरच सोबत आली होती. पांढरी, एका कानावर काळा डाग असलेली. बोंड्या गेला, तिला हुंगलं आणि तिच्याशेजारी बसला. मी मात्र तिच्या खुरांकडे बघत होते. गेल्याच वर्षी मी फरशी नवी करून घेतली होती.

“दिवसा बाहेर बांधा की,” मी म्हटलं, “आणि रात्री मागे शेड आहे.”

“रातले बाहेर नाई ठेवता येत, बाईजी,” रज्जाकभाई म्हणाले. “खाणीकडच्या झुडपातून बिबट येते. सांज झाली का आंगणातूनच उचलते. मागच्या खोलीचा एक कोपरा द्या फक्त. पोतं टाकू, रोज फिनाईल मारू.” मग बोंड्याकडे बघून हसले. “याले बी आत घेऊ. दोघं सोबत राह्यतील.”

मी म्हटलं, विचार करून कळवते. ते गेल्यावर गजूभाऊंना सांगून टाकलं, “जनावर घरात चालणार नाही.”

“मंग बकरीचंच कारण हाये न बाई?”

“दुसरं काय असणार?”

“नाई, इचारलं फक्त. एजंटले इचारा लागते.”

बाळांनो, त्यांनी ते का विचारलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. रज्जाकभाईंच्या नावामुळे त्यांना याआधी किती दारांवरून परत जावं लागलं असेल, हे गजूभाऊंना ठाऊक होतं. मी अशी नाही, असं मी स्वतःला सांगितलं. बकरी हे सोपं कारण होतं. त्यांच्याकडे बकरी नसती तर मी हो म्हटलं असतं का, याचं उत्तर मी आजही खात्रीनं देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. रज्जाकभाई सांगत होते ते मला नवं नव्हतं. मुलचेऱ्याकडच्या आमच्या गावात माझे बाबा रोज दिवेलागणीला विचारायचे, “बकऱ्या आत घेतल्या काय वो पोरी?” मी अभ्यासाचं पुस्तक मिटत नसे. मग ते स्वतः उठायचे आणि बडबडायचे, “मुकं जनावर बाहेर ठेवून तुमाले झोप येते तरी कशी?” बकऱ्या आमच्याच खोलीत, माझ्या अंथरुणापासून चार हातांवर असायच्या. माझ्या फ्रॉकला त्यांचा वास यायचा. चंद्रपूरच्या वसतिगृहात मुली नाक मुरडायच्या, तेव्हा मी ठरवलं होतं की माझं घर असं नसेल. ते मी पाळलं. माझ्या घराला कधी कसलाच वास आला नाही.

नंतर मानसी आणि तिचा नवरा आले. दोघंही बँकेत, बदलीवर साताऱ्याकडून आलेले. चपला बाहेर काढून, जोडीनं नीट ठेवून आत आले, तिथेच मी निर्णय घेतला. बोंड्याला दोन वेळ खायला घालू, फिरवू म्हणाले. करारनामा मी स्वतः टाइप केला. भिंतीला खिळे ठोकू नयेत. तुळशीला रोज पाणी घालावं. आणि सहावी अट अशी: कोणतेही जनावर कोणत्याही कारणास्तव घरात घेऊ नये.

ती अट लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर रज्जाकभाईंची बकरी होती, पुढे येऊ शकणाऱ्या लोकांच्या मांजरी होत्या, पोपट होते. बोंड्या नव्हता. तो माझ्या लेखी जनावर नव्हताच. माझ्यावेळी तो रोज संध्याकाळी माझ्यामागून आत यायचा आणि पलंगाखाली झोपायचा. हे त्या दोघांना सांगायचं राहून गेलं. फिनाईल कुठे ठेवलंय तेही मी कागदावर लिहून दिलं होतं, आणि हे मात्र राहिलं.

दीड महिन्यानं मानसीचा फोन आला. ती रडत होती. सूर्य नुकताच मावळला होता, बोंड्या अंगणात साखळीला होता. आधी तो भुंकला, मग दाराशी आला आणि दार खरवडायला लागला. “मी यांना म्हटलं, घेऊ या आत. हे म्हणाले, बाईंनी लिहून घेतलंय, नको. नंतर तो गप्प झाला. आम्हाला वाटलं, झोपला.”

बिबट्या होता. साखळी तुटली नव्हती, गळ्यातला पट्टा तुटला होता.

मी तिला दोष दिला नाही. परक्या मुलखातली मुलं, त्यांना इथलं काय माहीत? माहीत असणारी त्या करारावर सही करून नागपूरला जाऊन बसली होती.

तो रविवार होता आणि तासाभरात तुमचा फोन येणार होता. नील, तू विचारलंस, “आजी, बोंड्या काय करतोय?” मी म्हटलं, “झोपलाय.” त्यानंतर सात महिने तो झोपलेलाच आहे. तुम्हाला पाठवले ते फोटो जुने होते. आर्या, गवतात लोळतानाचा जो तू वर्गात दाखवलास, तोही. बोंड्याला तुम्हीच कापसाच्या शेतातून उचलून आणलं होतं, बोंडासारखा पांढरा म्हणून नावही तुम्हीच ठेवलं, आणि माझ्या हातात देताना म्हणाला होतात, “आता हा तुझा.”

मागच्या महिन्यात बसनं भद्रावतीला गेले होते. मानसीची बदली झाली, घर रिकामं आहे. मी रज्जाकभाईंच्या दुकानात गेले आणि म्हटलं, घर घ्या, बकरी घेऊन या, कुठलीही अट नाही. त्यांनी शिवण थांबवली.

“आता सोय झाली, बाईजी. मालकीण चांगली हाये, बकरीले कोंडा ठेवते.” मग विचारलं, “तुमचा कुत्रा कुठी हाये?”

मी सांगितलं. खरं काय ते मी पहिल्यांदा कोणाला सांगितलं, ते त्यांना. “आमच्याकडे राह्यला असता न,” एवढंच ते म्हणाले, आणि आतून माझ्यासाठी चहा मागवला. मी कप तसाच हातात धरून होते. ते मात्र, गरम हाये, सावकाश घ्या, म्हणत राहिले.

तुम्ही डिसेंबरमध्ये येताय आणि नील त्याच्यासाठी चेंडू घेतोय, म्हणून आज हे लिहिते आहे. विमानतळावरून घरी येताना सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. तुम्ही रागावलात तर रागवा. माझ्याशी काही दिवस बोलावंसं वाटलं नाही, तरी मला समजेल. पण तो झोपलाय, असं मी यापुढे म्हणणार नाही.

तुम्ही नेहमी विचारता, आजी, तुझं घर नक्की कुठलं? कागदावर भद्रावतीचं माझं आहे; गजूभाऊ रोज फोन करतात आणि मी नवं माणूस ठरवू शकत नाही. इथे नागपूरला मी भाडेकरू आहे. रोज दिवेलागणीला मी फ्लॅटचं दार उघडते. बाहेर लिफ्ट असते, शेजाऱ्यांच्या चपला असतात, आणखी कोणी नसतं. तरी वाकून, जिन्याच्या खालपर्यंत बघते, आणि मगच मला कडी लावता येते. सध्या घर म्हणून माझ्याकडे तेवढंच आहे.

तुमची,
आजी