डाव्या कोपऱ्यातले ठिपके

हे मी माझ्यासाठीच लिहून ठेवते आहे. कुणाला दाखवायचं नाही. पण त्या दिवसाचं सगळं नीट आठवतंय तोवर कागदावर आलेलं बरं.

मी रॉटरडॅममधल्या एका खेळाच्या हॉलमध्ये साफसफाईचं काम करते. यांचं वेल्डिंगचं काम बंदरावर. मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही इथे आलो. आता ती कॉलेजात आहे आणि कॉलेजच्या बास्केटबॉलच्या संघात खेळते. तिचा सराव मी काम करते त्याच हॉलमध्ये असतो. ती तिच्या फीट्सवर येते, मी माझ्या सायकलवर. वस्तू एकच, पण ती डचमध्ये फीट्स म्हणते, मी सायकल म्हणते. हॉलमध्ये मी तिला हाक मारत नाही. तिने कधी सांगितलं नव्हतं तसं, पण मीच मनाशी ठरवलं होतं. मैत्रिणींसमोर आई पोछा घेऊन उभी, हे तिला कसं वाटेल, असं मला वाटायचं.

सामना संपेपर्यंत फरशी पुसता येत नाही. मग मी वरच्या पायऱ्यांवर, अगदी शेवटच्या रांगेत बसून राहते. नुसतं बसायची मला सवय नाही. पहिल्या वर्षी विणकाम न्यायचे. नंतर एकदा मुलीची चौकटीची जुनी वही पिशवीत होती, तेव्हापासून ठिपके काढायला लागले.

माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि घरात धाकटी भावंडं होती. पण ठिपक्यांची रांगोळी मला लहानपणापासून येते. एकवीस ते अकरा, पंधरा ते आठ, सगळे हिशेब डोक्यात. एकदा बघितलेली रांगोळी मी घरी येऊन तशीच्या तशी काढायची, एक ठिपका इकडचा तिकडे व्हायचा नाही. तर या वहीत मी मैदान आखून घेतलं आणि जी मुलगी जिथून बॉल टाकेल तिथे एक ठिपका द्यायला लागले. बॉल आत गेला तर भरीव, नाही गेला तर पोकळ. शेजारी तिच्या पाठीवरचा नंबर. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, तेव्हा मी वही उलटी धरते म्हणजे ठिपके आपल्या जागी पडतात. हे मला कुणी शिकवलं नाही.

एका संघाला एक पान. संघांची नावं डच अक्षरांत पाटीवर असतात, ती मला पटपट वाचता येत नाहीत. म्हणून पानाच्या डोक्यावर मी रंग लिहायची. लाल. हिरव्या. पिवळ्या, त्यांच्यातली एक फार रागीट. खाली एखादी ओळ. लाल संघाच्या मुली पहिली दहा मिनिटं वादळासारख्या पळतात, मग कमरेवर हात ठेवून उभ्या. हिरव्यांची चार नंबर बॉल कुणाला देतच नाही. असं.

हंगाम सुरू होऊन दोनेक महिने झाले की नाताळच्या सुट्टीत आमच्या हॉलमध्ये कॉलेजांची स्पर्धा असते. आठ संघ बाहेरून येतात. तोवर कोण किती पाण्यात आहे हे कुणालाच धड माहीत नसतं. म्हणून मुलीच्या संघात एक रीत आहे. स्पर्धेच्या आधी कोचबाई प्रत्येक मुलीला एकेक संघ वाटून देतात. त्या संघाची माहिती काढायची आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगायची. माझ्या मुलीकडे आला आइंडहोवनचा संघ. पहिलाच सामना त्यांच्याशी.

मुलगी तोवर बाकावर बसणारी होती. उंचीने माझ्यावर गेली, बुटकी. शेवटची पाच मिनिटं, तीही सामना हातचा गेलेला असला तर, तिला आत घ्यायचे. घरी आल्यावर बुटांच्या नाड्या सोडायला तिला फार वेळ लागायचा. कोचबाई म्हणाल्या होत्या की माहिती चांगली काढलीस तर सुरुवातीलाच उतरणाऱ्या पहिल्या पाचात तुझा विचार करू. आणि आइंडहोवनच्या सामन्यांचा एकही व्हिडिओ कुठे मिळेना. दोन दिवस ती फोन घेऊन शोधत होती.

मी कणीक मळत होते. हळूच म्हटलं, "आइंडहोवनचा संघ कसा दिसतो?"

तिने फोटो दाखवला. निळ्या कपड्यांतल्या मुली, हसत उभ्या.

ऑक्टोबरात एका शनिवारी आमच्या हॉलमध्ये बाहेरगावच्या संघांचे सराव सामने झाले होते. मुलीची त्या दिवशी परीक्षा होती. एक सामना निळ्या आणि पांढऱ्या मुलींचा होता, एक संघ आइंडहोवनचा आणि एक ॲमस्टरडॅमचा, एवढं मला आमच्या मुकादमाने सांगितलं होतं. मी हात धुतले आणि वही आणून निळ्यांचं पान उघडून तिच्यापुढे ठेवलं.

तिने वही जवळ ओढली. "आई, हे सीरियसली तू केलंस?"

मला वाटलं चेष्टा करतेय. म्हटलं, "वेळ जात नाही म्हणून."

मग ती खुर्ची ओढून बसली आणि एकेक ठिपका विचारत गेली. मी सांगितलं की निळ्यांचा सगळा खेळ सात नंबरच्या उंच मुलीवर. बाकीच्या तिला बॉल देतात, ती बास्केटच्या खालून टाकते. लांबून कुणी टाकत नाही, टाकलं तर जात नाही, हे बघ सगळे पोकळ. त्या संध्याकाळी पोळ्या तिच्या बाबांनी लाटल्या, एकही गोल नव्हती. ते म्हणाले, "मायलेकींची मीटिंग चाललीय, आम्ही आपले कामगार." मुलीने सगळं डचमध्ये उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ती निघताना मी तिला बजावलं की माझं नाव काढू नको, तूच बघितलंस असं सांग. ती थोडी थांबली, मग बरं म्हणाली.

तिचं बोलणं चांगलं झालं. कोचबाईंनी ठरवलं की सगळ्यांनी बास्केटखाली दाटी करायची, कोपरे मोकळे सोडले तरी चालतील. आणि पहिल्या पाचात मुलीचं नाव आलं. घरी येऊन तिने मला उचललं. खरंच उचललं.

स्पर्धेच्या सकाळी मी मैदान पुसून वर जाऊन बसले. संघ आत आले. आइंडहोवनच्या मुली निळ्या कपड्यांत आल्या आणि बॉल टाकायला लागल्या. मी सहज वही उघडली, आणि माझ्या लक्षात आलं की त्या उंच सात नंबरचा पत्ता नाही. सात नंबर होती, पण ती बुटकी, कुरळ्या केसांची. आणि अकरा नंबरला एक जाड वेणीची मुलगी, चालताना पाय आत वळवून टाकणारी. ती चाल मी विसरणं शक्य नव्हतं. ती माझ्या वहीत होती, पण पांढऱ्यांच्या पानावर.

तेव्हा मला कळलं. संघांकडे कपड्यांचे दोन जोड असतात. समोरच्यांचा रंग सारखा असला की दुसरा जोड घालतात. मला ते ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं रंग म्हणजेच संघ. त्या शनिवारी आइंडहोवनच्या मुली पांढऱ्यात होत्या आणि निळ्या होत्या त्या ॲमस्टरडॅमच्या. मी मुलीला भलत्याच संघाची माहिती दिली होती.

पांढऱ्यांचं पान काढलं. अकरा नंबरचे ठिपके शोधले. बास्केटकडे तोंड केलं की डाव्या हाताचा जो कोपरा येतो, तिथे भरीव ठिपके एकावर एक, मोगऱ्याच्या कळ्या ओंजळीत धराव्या तसे. आणि आमच्या मुली नेमके कोपरेच मोकळे सोडणार होत्या, माझ्या सांगण्यावरून.

सामना सुरू व्हायला सात मिनिटं होती. मी या हॉलमध्ये तीन वर्षं काम करते, पण माणसं असताना मैदानावर कधी पाय ठेवला नव्हता. कडेकडेने जायचं, खाली बघायचं. त्या दिवशी कडेने जायला वेळ नव्हता. कामाचा निळा कोट, हातात वही, अशी मी सगळ्यांच्या मधून चालत गेले. पायऱ्यांवर माणसं होती, ती बघत असतील. मी बघितलं नाही.

मुलगी बाकाजवळ बूट बांधत होती. मी तिच्यापाशी वाकले आणि म्हटलं, "मी चुकले गं. त्या दिवशी या पांढऱ्यात होत्या. तू सांगितलंस ते यांचं नाहीच."

तिचा चेहरा उतरला. मला समजत होतं. आत्ता हे कोचबाईंना सांगायचं म्हणजे आपली माहिती खोटी होती असं सगळ्यांसमोर कबूल करायचं. पहिल्या पाचातलं नाव जाणार. न सांगावं तर संघ हरणार, पण दोष कुणाला कळणार नाही. मी तिला काय कर म्हणून सांगितलं नाही. नुसती वही तिच्यापुढे धरली.

ती उठली. माझ्या हातातली वही घेतली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि मला तशीच कोचबाईंसमोर नेऊन उभी केली. डचमध्ये बोलली. मला डच बोलता येत नाही फारसं, पण समजतं. ती म्हणाली, "मी सांगितलेली माहिती चुकीच्या संघाची आहे. बरोबर पान हे आहे. आणि हे मी केलेलं नाही, माझ्या आईने केलंय. ही माझी आई."

संघातल्या मुली माझ्याकडे बघायला लागल्या. त्यातल्या दोघीतिघी मला रोज नमस्कार करायच्या, पण मी कुणाची आई आहे हे त्यांना माहीत नव्हतं. माझे कान तापले होते.

कोचबाई वहीवर वाकल्या. पोकळ म्हणजे काय, भरीव म्हणजे काय, एवढंच त्यांनी विचारलं. मी बोटाने दाखवलं. अकरा नंबरच्या कोपऱ्यावर त्यांचं बोट थांबलं. मग त्या माझ्या मुलीला म्हणाल्या की आता ही वेणीवाली तुझी. त्या कोपऱ्यात तिच्या आधी तू पोचायचंस. पहिल्या पाचातलं नाव त्यांनी काढलं नाही.

मी वर जाऊन बसले, पण वही खालीच राहिली होती. त्यामुळे तो सामना मी ठिपके न काढता बघितला.

वेणीवाली पहिल्यांदा कोपऱ्याकडे पळाली तेव्हा माझी मुलगी तिथे हात वर करून उभी होती. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा वेणीवालीने तिच्या डोक्यावरून टाकला आणि तो गेला, चांगलीच खेळाडू होती ती. पण मग ती उजवीकडून, मधून टाकायला लागली आणि तिकडून तिचा हात बसत नव्हता. मुलीने स्वतः चारच गुण केले. आम्ही सहाने जिंकलो. शेवटची शिट्टी झाली तेव्हा मी उभी होते, आणि कधी उभी राहिले ते मला आठवत नाही.

दुपारी ॲमस्टरडॅमशी पडली गाठ. त्यांचं पान आता बरोबर होतं, सात नंबरची उंच मुलगी आली, तिने अगदी मी लिहिल्याप्रमाणे बास्केटखालून टाकले, आणि आम्ही सपाटून हरलो. काय होणार ते ठाऊक असलं म्हणून ते थांबवता येतंच असं नाही.

पण ते नंतर. सकाळचा सामना संपल्यावर वेणीवाली मुलीपाशी आली आणि तुला कसं कळलं म्हणून विचारायला लागली. मुलीने वर माझ्याकडे बोट केलं. मग ती पोरगी पायऱ्या चढून वर आली, वही घेऊन. आपले ठिपके तिने बोट ठेवून मोजले आणि हसली. म्हणाली, मला स्वतःलाच हे माहीत नव्हतं.

पुढच्या सामन्याआधी मला मैदान पुसायचं होतं. मी पोछा घेऊन खाली गेले. मुलगी बाकावर मैत्रिणींबरोबर पाणी पीत होती. तिने मला मोठ्याने हाक मारली, "आई, इकडे ओलं आहे," आणि मी तिकडे गेले. डाव्या कोपऱ्यात फरशीवर बुटांचे काळे ओरखडे उठले होते, जवळजवळ, एकाच जागी पाय रोवून रोवून उठलेले. ते तिचे होते. असे ओरखडे मी रोज काढते, जोर लावून घासावे लागतात.

ते मी सगळ्यात शेवटी पुसले.