माशांचा पंप

आमच्या दिग्रसमध्ये त्या काळी श्वास घेणारा, पण पंपवाल्या चाचांनी ज्याचे श्वास मोजले नाहीत, असा एकही जीव नसावा. यात मी बैल, म्हशी, कोंबड्या, कावळे आणि शिक्षण खात्याचे एक साहेबही धरले आहेत. चाचा नक्की कोणाचे चाचा होते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझे ते शेजारी. कापसाच्या बंद पडलेल्या एका जिनिंग कारखान्याच्या भिंतीला टेकून त्यांचं दुकान होतं, दुकानामागं घर, आणि त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला माझी भाड्याची खोली. फवारणीचे पाठीवरचे पंप दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि गावाबाहेरच्या तीन एकरांत पऱ्हाटी, म्हणजे कापूस, लावत होतो. म्हणजे श्वसन या विषयावर आम्हा दोघांचाही अधिकार होता. पण मी ते पुस्तकातून शिकवायचो आणि चाचा बैल समोर उभा करून शिकवायचे, त्यामुळे माझा धडा कोणाच्या लक्षात राहत नसे.

त्यांच्या मनगटावर लाल सेकंदकाट्याचं एक जुनं घड्याळ होतं. ते घड्याळ डोळ्यांसमोर धरून चाचा जनावराच्या कुशीकडे टक लावायचे आणि त्यांचे ओठ हलू लागायचे. नवख्या माणसाला वाटायचं, म्हातारा आपल्या बैलासाठी दुवा मागतोय. तो बिचारा टोपी काढून अदबीनं उभा राहायचा. मिनिट संपलं की चाचा मोठ्यांदा जाहीर करायचे, "छत्तीस!" आणि पुढच्या जनावराकडे वळायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, "चाचा, तुम्ही मशीनवाले, जनावराच्या भानगडीत कशाला पडता?" त्यावर ते म्हणाले, "मास्तर, मशीन गरम झालं का बंद करता येते. बैल गरम झाला तं त्याले कसं बंद करसान? त्याले चालता चालता सोताच थंड व्हा लागते, अन् थे बी हवेनंच." पुढं वर्गात मी हे वाक्य माझं म्हणून बऱ्याच वेळा वापरलं.

कापसाची ती वर्षं वाईट होती. भाव नव्हता, खरेदीची रांग उन्हाळ्यापर्यंत लांबायची आणि भरलेल्या बैलबंड्या रस्त्यावर दोन-दोन दिवस उभ्या असायच्या. या रांगेत चाचांचा स्वतःचा कायदा चाले. मिनिटाला साठाच्या वर गेलेला बैल उन्हात उभा ठेवायचा नाही. तो सोडून दुकानासमोरच्या निंबाखाली न्यायचा, पाणी पाजायचं, अंगावर ओलं पोतं टाकायचं. बंडीचा नंबर जाऊ नये म्हणून चाचांनी पत्र्याच्या पाट्या कापून त्यावर रंगानं आकडे घातले होते. बैल सोडला की बंडीच्या जागी पाटी उभी राहायची आणि आश्चर्य म्हणजे रांगेतला कोणीही त्या पाटीपुढं घुसत नसे. एकदा एक कास्तकार भडकला. "चाचा, बैल माहा हाय. तुमी कायले मधात येता?" चाचा शांतपणे पाटी रोवत म्हणाले, "बैल तुहाच हाय. पण थो तोंड उघडून हवा घेऊन राह्यला ना, म्हणजे नाकानं भागून नाही राह्यलं त्याचं. तुह्यावर अशी पाळी आली तं तू रांग पाहशीन का?" कास्तकारानं बैल सोडला. रागारागातच सोडला, पण सोडला.

कुत्र्यांचं मोजणं मात्र त्यांनी सोडून दिलं होतं. वैशाखात कुत्रं जीभ काढून धापा टाकू लागलं की सेकंदकाटा आणि चाचा दोघंही मागं पडायचे. "याले घाम येत नाही, म्हणून हे जिभीनं घाम गाळते," असा निर्वाळा देऊन ते त्याच्यासाठी माठाखालची ओली रेती मोकळी करायचे. शेजारणीच्या कोंबड्यांनी चोच उघडून पंख अंगापासून दूर धरले की चाचा न विचारता खुराड्यावर पाणी मारून यायचे आणि वर शेजारणीलाच झापायचे. शाळेचा हातपंप दुरुस्त करायला आले होते तेव्हा तपासणीचे साहेब दोन जिने चढून माझ्या वर्गात शिरत होते. चाचा व्हरांड्यातून ओरडले, "साहेब, तीस झाले! पहिले बसा, मंग तपासा." मला घाम फुटला. साहेबांनी कपाळाला आठी घातली, पण बसले. पाणी प्यायले. त्या वर्षीइतका चांगला शेरा मला पुन्हा कधी मिळाला नाही.

एकदा उन्हाळ्यात माझ्या वावरात कुंपणासाठी खड्डा खणताना काळ्या मातीतून एक बेडूक निघाला, वाळलेल्या पानासारखा. मी तो मेला म्हणून फेकणार, तेवढ्यात सोबत आलेल्या चाचांनी हात धरला. "मेला नाही थो. त्यानं सगळं कमी करून ठेवलं हाय. भूक कमी, हालचाल कमी, हवाही कमी. कातडीनं जराजरा घेऊन राह्यला." त्यांनी बेडूक परत त्याच्या जागी ठेवला, ओली माती लोटली आणि मला खड्डा दोन हात बाजूला घ्यायला लावला. माझं कुंपण आजही तिथं वाकडं आहे.

आणि एवढ्या सगळ्यांच्या श्वासाची चिंता वाहणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या दोन्ही नाकपुड्या मात्र तपकिरीनं बुजलेल्या असत. पन्नास वर्षांच्या तपकिरीनं त्यांची वासाची जाण पार गेली होती. दूध उतू जाऊन करपलं तरी त्यांना कळायचं नाही. चाची म्हणायच्या, "इनको सबकी साँस दिखती, खुद की नाक नई दिखती."

पण चाचांचा जीव खरा अडकला होता तो जिनिंगच्या हौदात. कापसाला आग लागली तर विझवायला म्हणून हा दगडी हौद बांधलेला होता. जिनिंग बंद पडलं, कापूस गेला, पाणी राहिलं. चाचांनी त्यात अरुणावती नदीतून आणून रोहू सोडले आणि चार मरळी सोडल्या. मूलबाळ नव्हतं. सकाळी चहाची बशी घेऊन नवराबायको हौदाच्या काठावर बसायचे आणि मासे वर आले की दोघांचे चेहरे उजळायचे. पाणी कमी झालं, ऊन वाढलं की पहाटे पहाटे रोहू पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करू लागायचे. गरम पाण्यात हवा कमी मुरते, हे मी फळ्यावर लिहून शिकवायचो. चाचा लिहीत नसत. ते एक हिरवा पंप पाठीला लावायचे, त्यात हौदाचंच पाणी भरायचे आणि नोझल आभाळाकडे धरून कारंज्यासारखं उडवत तास-दोन तास काठानं फिरायचे, म्हणजे खाली पडणारं पाणी हवा घेऊन पडेल. येणारे-जाणारे हसायचे, "चाचा, माशायले कोणती अळी लागली?" त्या पंपावर त्यांनी ऑइलपेंटनं लिहिलं होतं, 'मच्छी'. त्या पंपात औषधाचा थेंब कधी गेला नव्हता. मरळीचं मात्र त्यांना भारी कौतुक. तिला पाण्यातली हवा संपली तरी वर येऊन आपली हवा घेता येते. "थे डबल इंजिनवाली हाय, मास्तर. हौद आटला तरी चिखलात राहीन," असं ते घरच्या कर्त्या मुलीबद्दल बोलावं तसं बोलायचे.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला नेहमीच जड जातं.

बोंडअळीचं ते वर्ष. जो तो आठवड्यातून दोनदा फवारत होता. चाचा-चाची पुतणीच्या लग्नाला पुसदला गेले आणि दुकानाची किल्ली माझ्याकडे देऊन गेले, चाचींच्या कोंबड्यांना दाणे टाकायला आणि माशांकडे लक्ष ठेवायला. त्याच सकाळी माझ्या पंपाचा वायसर फाटला. पऱ्हाटीत अळी दिसली होती, माझ्या डोळ्यांसमोर दुसरं काही नव्हतं. दुकानातले बाकीचे पंप उघडून पडलेले होते. खुंटीवर धडधाकट असा एकच होता, तो हिरवा. मी तो घेतला. तीन एकर फवारलं. आणून साबणानं तीन वेळा धुतला, उन्हात वाळवला आणि होता तसा खुंटीला लावला. परत आल्यावर चाचांनी मला लग्नातले लाडू दिले, आणि पंपाचं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात पावसानं दडी मारली. पाणी गुडघाभर उरलं आणि एका सकाळी रोहू वर येऊन तोंडं उघडू लागले. चाचांनी हिरवा पंप पाठीला लावला. दुसऱ्या कोणालाही कदाचित वास आला असता. मी शाळेत होतो. दुपारी आलो तेव्हा सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते, आणि चाचा गुडघ्यांपर्यंत पाण्यात उभे राहून एकेक उचलत काठावर ठेवत होते. त्यात चारही मरळी होत्या.

त्या चार मरळींनी मला दिवसभर जेवू दिलं नाही. हवा कमी पडून रोहू मेले असते, मरळ मेली नसती. चाचांनाही तेच कळत नव्हतं. संध्याकाळी येऊन त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुमी शिकलेले. मरळ काहून मेली? तिले तं वरची हवा पुरते." मी म्हणालो, "उष्णतेनं होतं कधी कधी." विज्ञानाच्या मास्तरानं इतकं खोटं उत्तर आयुष्यात दिलं नसेल. आणि चाचांनी ते मान हलवून घेतलं, कारण ते मास्तरानं दिलं होतं.

त्यानंतर त्यांनी घड्याळ खणात टाकलं. रस्त्यानं फेस गाळत चाललेला बैल दिसला तरी खाली मान घालून वायसर बसवत राहायचे. एकानं मुद्दाम बंडी थांबवून विचारलं, "चाचा, मोजत नाही काय आज?" तर म्हणाले, "मले काय समजते, बाबू. आजपर्यंत चूकच सांगून राह्यलो असन मी." मला ते ऐकवेना. माझ्या एका खोट्यापायी त्या माणसाचं सगळं शहाणपण त्याच्या हातून सुटत होतं. आठव्या दिवशी शाळेतून आलो तो पिशवी न ठेवताच दुकानात गेलो आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

चाचांनी पक्कड खाली ठेवली. त्यांनी हिरव्या पंपाकडे बोट केलं.

"धुतला होता?"

"तीनदा. साबणानं."

"म्हणजे तीनदा धुऊन जे राह्यलं, त्यानं हौद गेला."

"हो, चाचा."

मला वाटलं, आता ते मला हाकलतील. मी तयारीनंच आलो होतो. पण त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुमी मारून राह्यले होते, तवा तोंडाले काय बांधलं होतं?"

"काही नाही."

"वारा कोणीकून होता?"

"लक्ष नव्हतं."

चाचा ताडकन उठले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "अरे, धुतलेल्यानं मरळ मेली, अन् तुमी न धुतलेलं नाकातोंडानं घेऊन आले? तीन एकर? अन् मले येऊन मासे मेले म्हणून सांगता? चक्कर आलती? उलटी झालती? डोळ्यापुढं अंधारी?" चक्कर आली होती. मी ती उन्हाची समजलो होतो. हे मी म्हणालो मात्र, चाचांनी मला दंडाला धरून दुकानासमोरच्या नळाखाली ओढलं आणि चाचींना साबण मागितला. पंधरा-वीस दिवसांपूर्वी अंगावर उडालेलं औषध आज धुऊन काय होणार, हे विज्ञानाच्या मास्तरानं सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. भररस्त्यात, सदऱ्यासकट, पंपवाले चाचा मला आंघोळ घालत होते, माझे विद्यार्थी सायकली थांबवून बघत होते, आणि चाचा पाठ चोळता चोळता शिव्या देत होते आणि रडत होते.

त्या हंगामापासून दुरुस्त झालेला प्रत्येक पंप त्यांच्या दुकानातून जाताना पट्ट्याला चाचींच्या जुन्या साडीचं चौकोनी फडकं बांधूनच गेला. गिऱ्हाईकानं ते समोर नाकातोंडावर बांधून दाखवल्याशिवाय पंप हातात मिळत नसे. लोक चिडायचे, हसायचे, पण बांधून दाखवायचे. माशांबद्दल चाचा मला कधी एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढं माझी बदली झाली. चाचा गेल्याचं मला दोन महिन्यांनी कळलं. आता मी यवतमाळला असतो. दम लागतो म्हणून डॉक्टरकडे जातो. ते भले गृहस्थ आहेत. छातीला नळी लावतात, कागदावर काही लिहितात आणि शांत आवाजात सांगतात, काळजीचं कारण नाही. मी मान हलवतो, गोळ्या घेऊन बाहेर येतो. बाहेर आलं की दर वेळी एकच वाटतं: कोणीतरी माझ्यावर भररस्त्यात ओरडायला हवं होतं.